फ्रेडी, चॅप्लिन आणि यश चोप्रा यांच्या गावांतून सात दिवस

पितृपक्षात लांबच्या प्रवासाला निघू नये, असे घरातील दोन-तीन वडीलधाऱ्या मंडळींनी सांगून पाहिले. परंतु गणपती झाल्यानंतरचे आणि नवरात्र बसण्याआधीचे तेच दोन आठवडे विमानभाड्याच्या दृष्टीने परवडत होते, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि माझ्या वन्सं असे तिघे जण साताऱ्याहून मुंबईमार्गे जिनिव्हाला निघालो.

सहलीची आखणी करताना आम्ही एक खेळ केला होता. प्रत्येकाने एक प्रसिद्ध व्यक्ती निवडायची आणि ती व्यक्ती स्वित्झर्लंडमध्ये जिथे राहिली किंवा जिथे पुन्हा पुन्हा परतली, तेवढीच ठिकाणे पाहायची. यजमानांचे महाविद्यालयीन शिक्षण वाईला झालेले असल्यामुळे त्यांनी पाचगणीत शिकलेल्या, ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा गायक असलेल्या फ्रेडी मर्क्युरीला निवडले, मी चार्ली चॅप्लिनला निवडले, आणि वन्संनी क्षणाचाही विचार न करता यश चोप्रांचे नाव घेतले. खर्चाचा नियमही तेव्हाच ठरला: नामवंत मंडळी ज्या हॉटेलांत उतरतात तिथे उतरायचे नाही, पण ती ज्या रस्त्याने चालत असत त्या रस्त्याने मात्र चालायचे.

एका फ्रँकला नव्वदहून अधिक रुपये मोजावे लागत असताना हा नियम सोयीचाही होता. आम्ही आठ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला, कारण त्यात रेल्वे, सरोवरांतील नियमित बोटी, शहरांतील बस आणि बरीचशी संग्रहालये येतात. रोज गाव बदलणाऱ्याला तो परवडतो. एकाच गावी मुक्काम ठोकणाऱ्याने मात्र २०२३ मध्ये १२० फ्रँकला मिळत असलेले, महिनाभर चालणारे अर्ध्या भाड्याचे कार्ड घेऊन हिशेब करून पाहावा. यजमानांनी हा हिशेब कागदावर तीनदा मांडला होता आणि तो कागद संपूर्ण प्रवासभर त्यांच्या खिशात होता.

पहिला दिवस, गुरुवार: जिनिव्हा ते माँत्रो

जिनिव्हाच्या विमानतळाला लागूनच रेल्वे स्थानक आहे, त्यामुळे सामान घेऊन टॅक्सी शोधण्याचा प्रसंग येत नाही. माँत्रोकडे जाणाऱ्या गाडीत उजव्या हाताची खिडकी धरावी, म्हणजे जवळजवळ सव्वा तासाच्या त्या प्रवासात बराच वेळ लेमान सरोवर नजरेसमोर राहते. लोझान मागे पडल्यावर डाव्या बाजूला लाव्होच्या द्राक्षमळ्यांच्या पायऱ्या सुरू होतात. दगडी बांध घालून उतारावर रचलेली ही शेती २००७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे पाहत वाढलेल्या माणसाला या बांधांचे कौतुक वाटते, ते श्रमांचा अंदाज येतो म्हणून.

सरोवराकाठची हॉटेले आमच्या आवाक्याबाहेरची होती. स्थानकाच्या मागच्या चढावर, दोन गल्ल्या वर, एका साध्या ठिकाणी आम्ही खोल्या घेतल्या होत्या. तेथे नावे नोंदवताच आम्हाला पाहुण्यांसाठीचे रिव्हिएरा कार्ड मिळाले, ज्यावर गावातील आणि आसपासची बस विनामूल्य असते. ज्यांच्याकडे पास नसेल त्यांनी हे कार्ड आवर्जून मागून घ्यावे.

संध्याकाळी बाजार चौकात उतरलो. सरोवराच्या अगदी काठावर फ्रेडी मर्क्युरीचा सुमारे तीन मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे. एक हात आकाशाकडे उगारलेला, दुसऱ्या हातात माइक आणि तोंड पाण्याकडे. इरेना सेडलेत्स्का या शिल्पकर्तीने केलेल्या या पुतळ्याचे अनावरण २५ नोव्हेंबर १९९६ रोजी झाले, म्हणजे त्याच्या मृत्यूला पाच वर्षे आणि एक दिवस होऊन गेल्यावर. लंडनमध्ये त्यासाठी जागा मिळाली नव्हती. पुतळ्याचे तोंड सरोवराकडे असल्यामुळे छायाचित्र काढणाऱ्याला पाण्याकडे पाठ करून अगदी कडेला उभे राहावे लागते. फोनच्या पडद्यात पाहत मागे सरकणाऱ्या दोन मुलांना वन्संनी मराठीतून ओरडून थांबवले, आणि ती थांबली.

चौथऱ्यापाशी ताजी फुले, एक मेणबत्ती आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली दोन-तीन पत्रे होती. यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “पाचगणीचा पोरगा.” झांझिबारमध्ये जन्मलेला फारुख बलसारा आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात दाखल झाला, तेथेच पियानो शिकला, तेथेच मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला वाद्यवृंद काढला आणि १९६३ मध्ये झांझिबारला परतला. आमच्याकडून महाबळेश्वरला जाणारी कितीतरी माणसे त्या शाळेवरून स्ट्रॉबेरी आणि क्रीम खायला पुढे जातात. मीही आजवर तशीच गेले होते.

दुसरा दिवस, शुक्रवार: कॅसिनो, एक महागडी कॉफी आणि शियाँचा किल्ला

माँत्रोच्या कॅसिनोची जुनी इमारत ४ डिसेंबर १९७१ रोजी संगीतकार फ्रँक झाप्पाच्या कार्यक्रमात लागलेल्या आगीत भस्मसात झाली. त्या वेळी गावात ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या डीप पर्पल या वाद्यवृंदाने सरोवरावर पसरलेला धूर पाहिला आणि त्यावर एक गाणे केले, जे आज गिटार हाती घेणारा प्रत्येक शिकाऊ मुलगा वाजवून पाहतो. पुन्हा उभारलेल्या कॅसिनोत माउंटन स्टुडिओ सुरू झाला. क्वीनने १९७८ साली तेथे एक अल्बम केला आणि पुढच्याच वर्षी तो स्टुडिओ विकतही घेतला. फ्रेडीने आयुष्याच्या अखेरच्या काळातील गाणी येथेच गायली. २०१३ पासून त्या जागेत विनामूल्य पाहता येईल असे एक छोटे प्रदर्शन आहे. हस्ताक्षरातील गीते आणि पोशाख तेथे मांडलेले आहेत, पण खरे आकर्षण मिक्सरचे. गाण्यातील इतर वाद्ये कमी करत नेली की गायकाचा आवाज एकटा उरतो. यजमानांनी तो खटका इतक्या वेळा वरखाली केला की मागे रांग लागली.

काठावरून चालताना पिवळ्या छत्र्यांच्या खिडक्यांचे माँत्रो पॅलेस हॉटेल लागते. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह १९६१ पासून १९७७ मधील मृत्यूपर्यंत त्याच हॉटेलात राहिला. स्वतःचे घर न घेता सोळा वर्षे हॉटेलात काढायची, ही कल्पना वन्संना अजिबात पटली नाही. “रोजचं जेवण बाहेरचं?” एवढेच त्या म्हणाल्या.

यानंतर आम्ही आपलाच नियम मोडला. काठावरच्याच एका दुसऱ्या, देखण्या गच्चीच्या ठिकाणी आम्ही तीन कॉफी आणि एक केक मागवला. बिलात पाण्याच्या बाटलीचे पैसे लावलेले होते, आणि ती बाटली आम्ही मागितलेली नव्हती, टेबलावर आणून उघडून ठेवलेली होती. येथे एक उपयोगी गोष्ट सांगते. ‘कराफ दो’ असे म्हटले की बहुतेक ठिकाणी नळाचे पाणी मिळते, काही ठिकाणी त्याचेही थोडे पैसे घेतात, आणि गावोगावच्या दगडी कारंज्यांचे पाणी, ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर, खुशाल प्यावे. पुढचे पाच दिवस आम्ही पाणी विकत घेतले नाही.

माँत्रोपासून शियाँच्या किल्ल्यापर्यंत काठाकाठाने पाऊण-एक तासाची सपाट वाट आहे. ऑक्टोबरातही फुलांचे ताटवे ठेवलेले होते, आणि सकाळी धावायला निघालेल्या गावकऱ्यांपासून चाकाच्या खुर्चीतील आजोबांपर्यंत सगळे त्याच वाटेवर होते. किल्ल्याचा प्रवेश पासात येतो. तळघरात एक खांब आहे, ज्याला सोळाव्या शतकात फ्रान्स्वा बोनिव्हार या कैद्याला बांधून ठेवले होते, असे सांगतात. कवी लॉर्ड बायरन १८१६ साली येथे आला आणि बोनिव्हारवर त्याने दीर्घ कविता लिहिली, त्यानंतर या किल्ल्याकडे प्रवाशांची रीघ लागली. खांबावर बायरनचे कोरलेले नावही आहे आणि त्यावर काच बसवून ते जपले आहे. अजिंक्यताऱ्याच्या तटावर नाव कोरणाऱ्या पोरांना आम्ही कायम शिव्या घालत आलो आहोत. नामवंताने तेच केले की त्यावर काच बसते, हे पाहून जरा हसू आले.

तिसरा दिवस, शनिवार: व्हेवेतील चॅप्लिन

माझा दिवस. माँत्रोहून व्हेवे रेल्वेने दहा मिनिटांच्या आत येते. तेथील काठावर चॅप्लिनचा माणसाच्या उंचीचा पुतळा आहे, हातात काठी आणि एक फूल घेतलेला. समोर पाण्यातच रोवलेला आठ मीटरचा पोलादी काटा-चमचा, म्हणजे खरे तर नुसता काटाच, उभा आहे. तो अन्नविषयक संग्रहालयाने १९९५ साली प्रदर्शनासाठी उभारला होता. मुले काट्याकडे धावतात आणि वयस्क मंडळी चॅप्लिनकडे जातात. आम्ही आधी काट्याकडे गेलो.

चॅप्लिन येथे हौसेने आला नव्हता. सप्टेंबर १९५२ मध्ये तो आपल्या नव्या चित्रपटाच्या निमित्ताने बोटीने लंडनला निघालेला असताना, वाटेतच अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. मग व्हेवेच्या वर कोर्सिये गावातील ‘मनुआर द बां’ ही हवेली त्याने घेतली आणि १९५३ च्या सुरुवातीला पत्नी ऊना आणि मुलांसह तो तेथे राहायला गेला. तेथे त्याच्या मुलांची संख्या वाढत आठपर्यंत गेली आणि पंचवीस वर्षे तो तेथेच राहिला. १९७७ च्या नाताळच्या दिवशी त्याचा मृत्यू झाला तोही त्याच घरात.

स्थानकाजवळून २१२ क्रमांकाची बस चढ चढून हवेलीच्या फाटकापाशी सोडते. २०१६ पासून हे संग्रहालय आहे. त्याचे दोन भाग आहेत: एका नव्या इमारतीत चित्रपटांचे सेट आणि मेणाचे पुतळे मांडलेले आहेत, आणि दुसरीकडे ती हवेली. बहुतेक लोक सेटमध्ये रमतात. यंत्राच्या दातेरी चाकात आडवे होऊन फोटो काढता येतो आणि आमच्या यजमानांनी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तो काढलाही. पण वेळ कमी असेल तर हवेलीला अधिक द्यावा, असे मी सुचवेन. जेवणघराचे टेबल, पुस्तकांची खोली, लांबलचक हिरवळीवर उघडणारी उंच दारे आणि घरच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या चित्रफिती तेथे आहेत. त्यांपैकी एका चित्रफितीत म्हातारा चॅप्लिन हिरवळीवर मुलांसमोर चालण्याची नक्कल करतो. ती चाल त्याचीच असली तरी आता पायांना जड झालेली आहे. मी ती चित्रफीत चार वेळा पाहिली. शेजारी एक स्विस आजी पाहत होत्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि मला फ्रेंच येत नव्हते, पण आम्ही दोघी एकाच ठिकाणी हसलो.

बागेतील मोठ्या झाडाखालच्या बाकावर बसून आम्ही घरून आणलेल्या दशम्या आणि मेतकूट खाल्ले. समोर सरोवर आणि त्यापलीकडे फ्रान्सचे डोंगर. दुपारी चालत कोर्सियेच्या दफनभूमीत गेलो. चॅप्लिन आणि ऊना यांच्या साध्या दगडी समाध्या शेजारी शेजारी आहेत. येथूनच मार्च १९७८ मध्ये दोन चोरट्यांनी खंडणीसाठी चॅप्लिनची शवपेटी पळवली होती. मे महिन्यात ती सरोवराच्या टोकाशी, नोव्हिल गावाजवळच्या शेतात पुरलेली सापडली, आणि नंतर ती काँक्रीटखाली ठेवण्यात आली. ही हकीकत ऐकल्यावर वन्संनी हात जोडले आणि म्हणाल्या, “मेल्यावर तरी सुखाने राहू द्यावं की माणसाला.”

परतताना लक्षात आले की गावातील लोकांनी या घराकडे पंचवीस वर्षे फारसे लक्ष दिले नसावे. चॅप्लिन बाजारात येत असे, बागेतल्या बाकावर बसत असे. या भागात इतकी नामवंत माणसे का राहिली, या प्रश्नाला कररचना हे एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खोटे नाही. दुसरे उत्तर मात्र आम्हाला भाजी घेताना मिळाले. पुढे कोण उभा आहे, हे पाहायला रांगेतला कोणीही मान वळवत नाही.

चौथा दिवस, रविवार: तोलोशेना

आदल्या रात्री आम्ही एक मोठी चूक केली होती. येथे रविवारी मिग्रो आणि कोप ही किराणा-भाजीची दुकाने बंद असतात आणि मोठ्या स्थानकांवरील शाखाच काय त्या उघड्या राहतात, हे वाचलेले असूनही आम्ही शनिवारी संध्याकाळी दूध-ब्रेड घेतला नाही. सकाळचा चहा दुधाविना झाला. वन्संनी तो घेतला नाही.

लोझानच्या पुढे मोर्ज स्थानकावर उतरून तोलोशेना या छोट्या गावी गेलो. आमच्या तिघांच्या निवडीत नसलेली अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९६३ पासून जानेवारी १९९३ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेथील ‘ला पेझिब्ल’ या जुन्या घरात राहिली. घर खासगी आहे, ते बाहेरूनच पाहावे आणि फाटकावर फार रेंगाळू नये. गावाच्या दफनभूमीत तिची समाधी आहे: एक साधा क्रूस, नाव आणि दोन साले. इतके साधेपण की पहिल्या फेरीत आम्ही तिच्यावरून पुढे निघून गेलो. येथे पाहण्यासारखे म्हणाल तर एवढेच आहे, तासाभरात होते. ज्यांच्याकडे दिवस कमी असतील त्यांनी हा टप्पा गाळला तरी चालेल, मात्र मोर्जच्या काठावरची चिनारांची रांग पाहून गाळावा की नाही ते ठरवावे.

पाचवा दिवस, सोमवार: डोंगर चढणारी गाडी आणि रिकामे ग्श्टाड

माँत्रोहून ग्श्टाडकडे जाणारी मीटरगेज गाडी स्थानकातून निघताच वळणे घेत गावाच्या डोक्यावरून चढू लागते. पाच-सात मिनिटांतच आमच्या हॉटेलचे छत खाली दिसले. नंतर एक लांब बोगदा, आणि त्यापलीकडे सरोवर नाही, द्राक्षे नाहीत, फक्त कुरणे आणि गडद लाकडी घरे. पासवर साध्या पॅनोरमिक गाडीला आरक्षण लागत नाही, जागा मिळेल तेथे बसावे. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नऊच्या आत निघाले की जागा मिळते.

वाटेत शातो-दे लागते. नाव लिहिताना शेवटी ओ-ई-एक्स अशी तीन अक्षरे येतात आणि उच्चारात त्यातले जेमतेम एक उरते. अभिनेता डेव्हिड निव्हन येथे राहिला आणि येथेच त्याची समाधी आहे. याच गावातून १ मार्च १९९९ रोजी बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स यांनी बलूनमधून उड्डाण केले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. रूझमाँ मागे पडून सानेन आले की फलाटावरची भाषा फ्रेंचची जर्मन होते. डब्यातील घोषणांचा क्रमही बदलतो, तो यजमानांनी बरोबर टिपला.

ग्श्टाडबद्दल आमच्या मनात जे चित्र होते ते वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतले होते. १९१३ साली उघडलेल्या, बुरुजांच्या पॅलेस हॉटेलभोवतीचे हे गाव एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन, रॉजर मूर, ज्युली अँड्र्यूज अशा मंडळींनी आपलेसे केले. आपल्याकडचे सैफ अली खान आणि करीना कपूर वर्षअखेरीस अनेकदा येथे असतात, आणि २०१९ च्या अखेरीस विराट कोहली आणि अनुष्का शर्माही येथेच होते. पण त्या गर्दीचा हंगाम डिसेंबरमध्ये सुरू होतो. ऑक्टोबरात पॅलेस बंद होता, उंची घड्याळांच्या एक-दोन दुकानांत कारागीर रंगाचे डबे घेऊन बसले होते, आणि मोटारींना बंदी असलेल्या मुख्य रस्त्यावर एक बाई आपल्या दुकानाची काच कागदाने पुसत होत्या. कुरणांवरून गाई सप्टेंबरमध्येच खाली आलेल्या असतात, त्यामुळे गावालगतच्या हिरव्या पट्ट्यांत घंटांचा आवाज सतत चालू होता.

मला हे ग्श्टाड आवडले. नामवंत लोक जिथे जातात तिथे ते नसताना जावे, हा या प्रवासात मिळालेला सर्वांत फायद्याचा धडा, कारण खोलीचे भाडे निम्म्याच्या आसपास येते आणि डोंगर जागच्या जागीच असतात. अडचण एवढीच की या दिवसांत वर जाणाऱ्या काही केबल गाड्या दुरुस्तीसाठी थांबवलेल्या असतात. निघण्यापूर्वी त्यांच्या तारखा तपासाव्यात. आम्ही तपासल्या नव्हत्या, म्हणून वर जाण्याऐवजी नदीकाठाने चालत सानेनला गेलो. वाट सरळ, सपाट आणि सुमारे पाऊण तासाची आहे.

आमचा मुक्काम सानेनलाच होता, ग्श्टाडहून एका स्थानकाच्या अंतरावर आणि पुष्कळ स्वस्त. या गावाची ओळख तीन वेगवेगळ्या प्रकारच्या लोकांना तीन कारणांनी असते. जे. कृष्णमूर्ती यांनी १९६१ ते १९८५ या काळात दर उन्हाळ्यात येथे व्याख्याने दिली, आणि त्यासाठी जगभरातून माणसे तंबूत येऊन बसत. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९५७ साली सुरू केलेल्या संगीत महोत्सवाचे कार्यक्रम येथील जुन्या चर्चमध्ये होतात. आणि शेळीपालन करणाऱ्या आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ‘सानेन’ म्हटले की दुधासाठी नावाजलेली पांढरी शेळी आठवते. ती मूळची याच खोऱ्यातली. फलटणच्या बाजूला शेळ्या पाळणाऱ्या माझ्या मावसभावाला मी फोटो पाठवला, तर त्याने उत्तरात फक्त ‘दूध किती?’ असे विचारले.

वन्संचे कारण चौथे होते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातील युरोपची काही दृश्ये याच परिसरात, सानेन आणि त्स्वाइसिमेनच्या आसपास चित्रित झाली. १९९५ च्या दिवाळीत वन्संनी तो मराठा मंदिरमध्ये पाहिला होता, आणि त्याच चित्रपटगृहात तो अजूनही लागतो हे त्या अभिमानाने सांगतात. सानेनमधील लाकडी पुलावर एक पंजाबी जोडपे आधीच फोटो काढत होते. त्यांनी वन्संचा फोटो काढला, वन्संनी त्यांचा काढला, आणि मग अर्धा तास वन्सं त्या पुलाच्या कठड्याला टेकून खालचे पाणी पाहत राहिल्या. मी त्यांना हाक मारली नाही.

सहावा दिवस, मंगळवार: त्स्वाइसिमेनमार्गे इंटरलाकेन

हा टप्पा यजमानांचा होता, जरी त्यात कोणी तारा नसला तरी. माँत्रोकडून येणारा लोहमार्ग १००० मिलिमीटर रुंदीचा आहे आणि त्स्वाइसिमेनच्या पुढचा १४३५ मिलिमीटरचा. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या येत आणि बोचकी उचलून माणसे या फलाटावरून त्या फलाटावर पळत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना येथील अडचण सांगावी लागणार नाही. डिसेंबर २०२२ पासून मात्र गोल्डनपास एक्सप्रेसचे डबे एका जुळवणी-यंत्रावरून सावकाश पुढे सरकतात, आणि त्या चालीतच चाकांमधले अंतर वाढते. प्रवासी जागचे हलत नाहीत. आत बसलेल्याला किंचित कुरकुर आणि एक हलका हिसका, एवढेच जाणवते. त्यासाठी यजमान खिडकीला कान लावून बसले होते. वन्सं झोपल्या होत्या.

इंटरलाकेनला उतरताच भारतीय प्रवाशांची संख्या एकदम वाढते. काश्मीरमध्ये १९८९ नंतर चित्रीकरण अवघड झाल्यावर हिंदी चित्रपटांची बर्फातली गाणी मोठ्या प्रमाणावर स्वित्झर्लंडला आली, आणि त्यात यश चोप्रांचा वाटा सर्वांत मोठा. १९७० मध्ये ते मधुचंद्रासाठी येथे आले होते, तेव्हापासून त्यांचे या देशाशी नाते जडले. युंगफ्राऊ रेल्वेने एका गाडीला त्यांचे नाव दिले, आणि २०१६ साली येथील कुरसालच्या बागेत त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. पुतळा पूर्ण उंचीचा आहे, मोठेपणाचा कोणताही आव नसलेला. वन्संनी पदराने त्याच्या बुटावरचे एक वाळलेले पान झटकले. ती कृती इतकी सहज होती की पुढे उभ्या असलेल्या गुजराती कुटुंबातील आजींनीही मग आपल्या ओढणीने दुसरा बूट पुसला.

समोरच्या भव्य हॉटेलांपुढे होहेमाटे नावाचे एक विस्तीर्ण मोकळे कुरण आहे. युंगफ्राऊचे दर्शन अडू नये म्हणून १८६४ साली हॉटेलमालकांनी आणि इतरांनी मिळून ही सुमारे १४ हेक्टर जमीन कायमची मोकळी ठेवण्याचा करार केला. त्यामुळे हॉटेलातील महागड्या खोलीच्या सज्जातून जे शिखर दिसते, तेच रस्त्याकडेच्या बाकावरूनही दिसते. कोपमधून आणलेले बटाट्याचे सॅलड, ब्रेड आणि शेवटची बाकरवडी आम्ही त्या बाकावर संपवली.

युंगफ्राऊयोखला, म्हणजे ३४५४ मीटरवरच्या स्थानकाला, आम्ही गेलो नाही. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो आणि पुढच्या तिकिटावर फक्त पंचवीस टक्के सूट मिळते. तिघांचा हिशेब यजमानांच्या कागदावर मावेना, आणि शिवाय वर ढग होते. ज्यांना जायचेच आहे त्यांनी सकाळी वरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहूनच तिकीट काढावे.

सातवा दिवस, बुधवार: इझेल्टवाल्डचा धक्का

शेवटचा दिवस आमच्या यादीत नव्हता. तो वन्संच्या नातीने, पुण्याहून फोनवर, ठरवला. ब्रिएन्झ सरोवराच्या काठी सुमारे चारशे वस्तीचे इझेल्टवाल्ड हे गाव आहे. २०१९-२० मध्ये गाजलेल्या एका कोरियन मालिकेचा नायक तेथील लाकडी धक्क्यावर पियानो वाजवतो. मालिकेतील नायक-नायिका, ह्युन बिन आणि सोन ये-जिन, यांनी २०२२ मध्ये प्रत्यक्षात लग्न केल्यावर तर या धक्क्याला तीर्थक्षेत्राचे रूप आले. इतकी माणसे येऊ लागली की गावाने २०२३ मध्ये धक्क्याच्या तोंडाशी फिरते फाटक बसवले. पाच फ्रँक टाकल्याशिवाय ते फिरत नाही.

इंटरलाकेन पूर्व स्थानकावरून १०३ क्रमांकाची बस पंचवीसेक मिनिटांत तेथे पोहोचवते आणि पास चालतो. बसमध्ये बसायला जागा नव्हती. गावात पोहोचल्यावर दिसले ते असे: धक्का दोन-तीन माणसे उभी राहतील एवढाच, समोर रांग पंधरा-वीस जणांची, रांगेत प्रत्येकाच्या हातात मोजलेले पाच फ्रँक, आणि चार पावलांवर, त्याच पाण्याच्या त्याच काठावर, एक रिकामे बाक.

वन्संनी ती मालिका पाहिलेली नव्हती. तरीही त्यांनी पाकिटातून नाणे काढले आणि रांगेत उभ्या राहिल्या, कारण नातीने सांगितले होते. पुण्यात दुपारचे अडीच वाजले होते, शाळेतून आलेली नात व्हिडिओ कॉलवर होती. फाटक फिरले, वन्सं धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या आणि त्यांनी फोन उंच धरला.

“आजी, तुझं तोंड नको, पाणी दाखव.”

“पाणीच दाखवतेय की.”

“थोडं डावीकडे. तिथे बसला होता तो.”

वन्सं डावीकडे वळल्या. मागच्या रांगेतील एका कोरियन मुलीला सगळे समजले असावे. तिने हसून त्यांना आणखी पुढे, नेमक्या फळीवर उभे राहण्याची खूण केली. दोन मिनिटांनी वन्सं बाहेर आल्या आणि आम्ही बसलो होतो त्या बाकावर येऊन टेकल्या. पाणी निळ्यापेक्षा हिरव्याकडे झुकणारे होते, वाऱ्याने त्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या, आणि पलीकडच्या डोंगरावरचा ढग आता पूर्ण निघून गेला होता.

“कसं वाटलं?” मी विचारले.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण इथून पण तेवढंच दिसतंय गं.” आणि त्यांनी पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, ज्यात शेवटची अर्धी दशमी उरली होती, आणि तिचे तीन तुकडे केले.